अस्तराचा कागद

बांधणीच्या धंद्यात एक पथ्य असतं: पुस्तक बांधायचं, वाचायचं नाही. वाचायला लागलं की हात थांबतो, हात थांबला की खळ वाळते, आणि वाळलेल्या खळीवर पुठ्ठा बसत नाही. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासऱ्यांनी तिला हे सांगितलं होतं. अठ्ठावीस वर्षं तिनं ते पाळलं. हजारो पुस्तकं तिच्या मांडीवरून गेली, कुणाचे हिशेब, कुणाच्या कविता, कुणाचे कायदे. तिनं पानांचे आकडे जुळवले, सुई ओवली, टाका घातला. पोटात काय आहे ते तिनं कुठल्याच पुस्तकाला विचारलं नाही.

खाली दुकान, वर घर, मधे चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना. घडी तिची, पुठ्ठा नवऱ्याचा. शिवण तिची, दाब त्याचा. आणि पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला जो कागद चिकटवून पुस्तकाचं पोट झाकतात, तो अस्तराचा कागदही तिचाच. शिवताना ती गुणगुणायची. तिचंच रचलेलं होतं, दोनच ओळींचं:

सुईबाई, सुईबाई, हळू जा गं पानातून,
कुणाचं गं लिहिलेलं दुखू नये टाक्यातून.

"कागदाला दुखतंय होय!" तो हसायचा. सगळी वस्ती त्याला पुठ्ठेकाका म्हणायची आणि त्यालाही ते आवडायचं.

चार वर्षांपूर्वी पुठ्ठेकाकांच्या छातीत कळ आली आणि डॉक्टरांनी आत एक जाळी बसवली. जीव वाचला. पण अकरा आठवडे दुकानाला कुलूप लागलं, आणि त्या अकरा आठवड्यांत कागद कापायचं मोठं यंत्र गेलं. तो खाटेवर असताना तिनंच गिऱ्हाईक शोधलं, तिनंच ते हातगाडीवर चढवून दिलं. तो घरी आला तेव्हा दुकानाच्या फरशीवर यंत्राच्या चार पायांचे चार पांढरे ठसे होते. त्या ठशांवर त्यानं कधी पाय दिला नाही, वळसा घालून जायचा.

तेव्हापासून त्यानं विम्याच्या मागे हात धुऊन लागायचं ठरवलं. मुलगी एका शाळेच्या कचेरीत कामाला होती, तिला अर्ज भरायची सवय. लहानपणी दोऱ्याच्या रिळासारखी घरभर गडगडायची म्हणून तिचं नाव रिळू पडलं होतं, ते मोठेपणीही सुटलं नाही. रिळू अर्ज भरायची, तो सही करायचा. "छातीचा काही विकार?" या रकान्यात तो ठसठशीत "होय" लिहायचा. आणि पंधरा दिवसांनी नकाराचं पत्र यायचं. सात ठिकाणांहून आलं.

"त्या रकान्यात हात आखडता घ्या की जरा," बायको एकदा म्हणाली.

"पान चोरून पुस्तक बांधू? अगं, उघडलं की कळतंच."

मग एक दिवस विमावाल्या बाई आल्या. त्यांच्या मुलाचं फाटकं शब्दकोशाचं पुस्तक पुठ्ठेकाकांनी कधीतरी फुकट सावरून दिलं होतं, ती ओळख. दुकानातल्या स्टुलावर त्या बसल्या आणि चहाला हात लावायच्या आधी म्हणाल्या, "काका, आधीच सांगते. हा पुरा विमा नाही. ऑपरेशनचं बिल, औषधं, तपासण्या, यातलं काही हा भरणार नाही. दवाखान्यात पूर्ण एक दिवस काढलात की त्या दिवसाची ठरलेली रक्कम मिळेल. वर्षाला फार तर तीस दिवस. बास."

"म्हणजे ग्रंथ नाही, पातळ पुस्तिका."

"पुस्तिकाच. पण पानं खरी आहेत."

"आणि माझी जाळी?"

"ती लिहून द्यायची. ज्यांना बाकीचे दारात उभं करत नाहीत त्यांच्यासाठीच आहे हा. फक्त सुरुवातीचे नव्वद दिवस आजारपणाला काही मिळत नाही. अपघात झाला, हाड मोडलं, तर पहिल्या दिवसापासून."

रिळू टाळी वाजवून म्हणाली, "ऐकलंत ना बाबा? नव्वद दिवस आजारी पडायचं नाही! एक्क्याण्णवाव्या दिवशी काय ते लाड करून घ्या."

"मी तर आजच जिन्यावरून पडतो. ते चालतंय म्हणे."

"जिभेला काही हाड?" ती सुई दातात धरूनच ओरडली, आणि सगळे हसले. त्या हसण्यात त्यानं सही केली. बाई गेल्यावर फरशीवरच्या चार ठशांकडे पाहत तो हळूच म्हणाला, "दिवसाची रक्कम आली की दुकान तग धरेल. आता माझ्यापायी इथलं काही विकायला जायचं नाही तू."

तिनं मान डोलावली. पुठ्ठेकाका एवढं बोलला म्हणजे त्याच्या मनाचा पुठ्ठा कायमचा बसला हे ती जाणून होती.

पंधरवड्यानं जाड पाकीट आलं. आत पिना मारलेली पानं होती. पिना म्हणजे पुठ्ठेकाकाचा जन्माचा वैरी. "गंजतात नि कागद खातात," म्हणत त्यानं त्या उपसल्या, पानं तिच्याकडे दिली, पाकीट टेबलावर टाकलं. "हिला राजेशाही बांधू. आपल्या घरातलं पहिलंच पुस्तक." एवढी पुस्तकं बांधली, पण घरचं असं एकही नव्हतं, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. त्यानं गडद निळं कापड काढलं. तिनं पानं शिवली. घरच्या वस्तूला अस्तराचा चांगला कागद वापरायचा नाही, एका अंगानं छापलेला रद्दीतला घ्यायचा आणि छापील बाजू आत चिकटवायची, ही त्या दुकानाची जुनी काटकसर. टेबलावरच्या रद्दीवर एक जाड पांढरा कागद वरच पडला होता. तिनं तो हातात घेतला, बोटांनी चोळून पाहिला. छान होता, वाया जाऊ नये असा. खळीचा कुंचा फिरवला, कागद पुठ्ठ्याला बसवला, तळव्यानं मधून कडेकडे हवा काढली. त्यानं पुस्तक दाबात ठेवलं आणि स्क्रू आवळला.

"उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. वेळेआधी दाब उघडला की पुठ्ठा वाकलाच."

हे तो रोजच म्हणायचा.

दोन दिवसांनी विमावाल्या बाईंचा फोन आला. त्यानं तो खांद्यानं कानाशी धरला, हातात चाकू होता. "हो हो, मिळालं. मिळालं काय, बांधूनसुद्धा ठेवलंय! ... आजपासून लागू? बरं बरं. ... काय? सुटा कागद?" मग तिच्याकडे वळून, "अगं, पाकिटात एखादा सुटा कागद होता का? तो नीट वाचा म्हणतात."

ती टाके मोजत होती. सदतीस, अडतीस. आकडा चुकला तर पहिल्यापासून. "सगळं आत आहे," ती मान वर न करता म्हणाली. एकोणचाळीस.

"सगळं आत आहे," त्यानं फोनवर सांगितलं.

त्या दिवसापासून पुठ्ठेकाकानं एक नवा चाळा लावून घेतला. सकाळी दुकान उघडलं की कापातून उरलेली एक चिठोरी घ्यायची, तिची घडी घालायची, पेन्सिलीनं काहीतरी खरडायचं आणि छोट्या दाबात सरकवायची. एक दिवस, एक चिठोरी.

"काय चाललंय?" तिनं विचारलं.

"वही होतेय. नव्वद झाल्या की तू शिवून दे."

"आणि त्यात लिहिता काय?"

"बांधणाऱ्यानं वाचायचं नसतं," तो डोळे मिचकावून म्हणाला.

दिवस चिठोऱ्यांसारखे एकावर एक पडत गेले. चिठोऱ्यांची चवड बोटभर झाली, दोन बोटं झाली. कधीतरी, नक्की कधी ते तिला सांगता आलं नसतं, तो जिन्याच्या सातव्या पायरीवर थांबायला लागला. पहिल्यांदा म्हणाला, चपलेचा अंगठा निघाला. दुसऱ्यांदा म्हणाला, इथं फळी कुरकुरते, बघायला हवं. तिसऱ्यांदा तिनंच विचारलं, "छातीत काही होतंय का?"

"छातीत? सरसाच्या वासानं पित्त वाढलंय."

"डॉक्टरांना दाखवूया."

"दाखवू की. पुढच्या महिन्यात. एवढी शाळेची शंभर पुस्तकं उरकू दे."

ती गप्प बसली. पुढे कितीतरी दिवस ती या गप्प बसण्यालाच दोष देत राहिली, कारण खरा दोष कुठे लपलाय हे तिला अजून कळलेलं नव्हतं.

एका सकाळी, उन्हं नुकती टेबलावर आली होती, त्यानं मोठ्या दाबाचा स्क्रू आवळायला घेतला. एक वेढा दिला, अर्धा दिला आणि तसाच खाली बसला. नेमका त्या चार पांढऱ्या ठशांच्या मधोमध. चेहऱ्यावर घाम होता. "काही नाही," तो म्हणाला, "काही नाही गं," आणि तिचा पदर मुठीत धरला तो सोडेना.

दवाखान्याच्या बोळात, चाकांच्या खाटेवर, त्यानं डोळे उघडले.

"किती राहिले?" त्यानं विचारलं, आणि मग स्वतःच उत्तर दिलं, "नऊ."

तिला वाटलं, शाळेच्या शंभरातली नऊ पुस्तकं. "नऊच ना? मी करते नऊ. तुम्ही नुसते पडून राहा."

तो हसला. आयुष्यभर त्याच्या विनोदावर ती हसली होती, या वेळी त्याला तिचं बोलणं विनोदी वाटलं असावं. तास-दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले, आणि त्यांच्या चालण्यावरूनच तिला कळलं. ते म्हणाले, हे दुखणं एका दिवसाचं नाही, पंधरा दिवस तरी अंगावर काढलंय यांनी, आधी आणलं असतं तर.

रिळूनं छोटा दाब उघडला तो चौथ्या दिवशी. चवड तशीच होती. मोजली तर एक्याऐंशी. तिनं उभ्या उभ्या सगळ्या चिठोऱ्या वाचल्या आणि खाली बसली.

"आई, बाबांना सहासष्टाव्या दिवसापासून दुखत होतं. रोज लिहिलंय. आज थोडं. आज जिन्यावर. आज शिवताना ती गात होती, म्हणून सांगितलं नाही." तिचा आवाज कागद फाटल्यासारखा आला. "आणि शेवटच्यावर नुसतं, नऊ राहिले."

मग आईला ते नऊ कळले.

"मी म्हणाले होते नव्वद," रिळू म्हणाली. "टाळ्या वाजवून म्हणाले होते."

"अगं, तू गमतीनं म्हणालीस."

"ते गमतीनं मेले का?"

यानंतर रिळू रडली नाही, ओरडली नाही, भांडली नाही. नुसती विरत गेली. जेवणाचं ताट पुढे यायचं आणि तसंच मागे जायचं. कचेरीतून आली की सातव्या पायरीवर बसायची, दिवा लावायला सांगावा लागायचा. त्या आकड्याचा उच्चार तिनं टाकला. कुणी सहज "नव्वद" म्हटलं की भिंतीकडे बघायची. नवरा गेला तो एकदाच गेला, आईच्या मनात यायचं, ही रोज थोडी थोडी चाललीये.

तीन आठवड्यांनी विमावाल्या बाई आल्या. त्याच स्टुलावर बसल्या, पण स्टूल मोठं झाल्यासारखं वाटत होतं. चहा निवला. रिळू अजून कचेरीतून यायची होती.

"काकू, पूर्ण दिवस भरला नाही दवाखान्यात, त्यामुळे काही मिळणार नाही. हे मी फोनवर सांगू शकले असते, पण सांगवेना."

"नव्वद दिवसही कुठे भरले होते."

बाईंनी चमकून पाहिलं. "नव्वद कुठले? तुमच्या गटाला तीसच होते. छापखाने आणि बांधणीवाल्यांसाठी सवलत नंतर निघाली, मी वेगळा कागद घातला होता पाकिटात. म्हणून तर फोन केला. काका म्हणाले, सगळं आत आहे." त्या थांबल्या. "वाचलं नव्हतं का त्यांनी?"

"असेल," ती म्हणाली. "बघते मी."

बाई गेल्या. तिनं निळं पुस्तक फळीवरून काढलं. मागचा पुठ्ठा उघडला. जाड, पांढरं, सुरकुती नसलेलं अस्तर. असं नितळ अस्तर वस्तीत दुसऱ्या कुणाला जमत नसे. ते तिनं उजेडाकडे धरलं, काही दिसलं नाही. हात फिरवला, काही लागलं नाही. मग फडकं ओलं करून पसरलं आणि वाट पाहत बसली. सरस असता तर कागद सुटला नसता. घरचं म्हणून तिनं साधी खळ लावली होती. कोपरा उचलला. कागद हळूहळू, अंगावरची ओली कापडं निघावीत तसा, सुटून आला.

तिनं तो टेबलावर उलटा केला. आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, त्या दुकानात बसून, तिनं वाचलं.

प्रतीक्षेचा काळ नव्वद दिवसांऐवजी तीस दिवस राहील. हृदयाचा जुना विकार अर्जात कळवला असल्यास त्यासाठीही दिवसाची रक्कम लागू होईल.

अर्जात कळवला असल्यास. त्याचा तो ठसठशीत "होय".

सहासष्टाव्या दिवशी तो दवाखान्यात जाऊ शकला असता. सदुसष्टाव्याही. अडुसष्टाव्याही. ती मोजत गेली, टाके मोजावेत तशी, एक्याऐंशीपर्यंत, आणि तिथे दोरा संपला. सदतीस, अडतीस, सगळं आत आहे, एकोणचाळीस. पुठ्ठ्यावर काही अक्षरांची शाई उलटी उमटून राहिली होती. ती तिनं बोटानं घासली. गेली नाही.

बाहेर ऊन उतरत होतं. रिळू यायला अजून अर्धा तास होता. खळीचं भांडं समोर होतं, कुंचा त्यातच होता. एक हात खळ, वरून तळवा, वर दाब, की पुन्हा नितळ पांढरं अस्तर. जगात कुणी म्हणून ते उघडलं नसतं. रिळूच्या मनात नव्वद राहिले असते आणि हिच्या मनात तीस, आणि एका छपराखाली दोघी आपापला आकडा घेऊन जगल्या असत्या. रिळूची आई तरी शाबूत राहिली असती. बाप गेला, निदान आई शाबूत.

तिनं कुंचा उचलला. खळीत बुडवला. भांड्याच्या काठावर निथळला. आणि तिला जिन्याची सातवी पायरी दिसली, तिच्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली पोर दिसली.

तिनं कुंचा धुऊन टाकला. उरलेली खळही ओतून टाकली, पुन्हा मोह नको म्हणून.

रिळू आली तेव्हा कागद टेबलावर, छापील बाजू वर करून, वाळत पडला होता. वजन न ठेवलेला, म्हणून कडा वर वळत होत्या.

"हे वाच," आई म्हणाली.

रिळूनं वाचलं. पुन्हा वाचलं. "हा कुठे होता?"

"अस्तरात."

"कुणी लावला?"

"या घरात अस्तर कोण लावतं?"

आई उभीच होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "फोन आला तेव्हा त्यांनी मला विचारलंही होतं, सुटा कागद होता का म्हणून. मी सगळं आत आहे म्हणाले. तुझे नव्वद कधी खरे नव्हतेच गं. उतरव ते. ते माझं आहे."

रिळूनं तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात एक क्षण असा होता की आईला वाटलं, आता ही आपल्याला कायमची परकी झाली. मग रिळू वळली आणि जिना चढायला लागली. एक, दोन, तीन. आई पावलं मोजत राहिली. सातव्या पायरीवर पावलं थांबली. आणि मग तिथून रडणं आलं, इतके दिवस कुठे दाबून ठेवलं होतं कोण जाणे, लहान पोरासारखं, हेल काढून. आई गेली आणि सहाव्या पायरीवर बसली. हात लावायचा धीर झाला नाही. पाठमोरीच बसून राहिली. खूप वेळानं तिच्या केसांवर एक हनुवटी टेकली, जड, ओली.

"तू का सांगितलंस?" रिळू म्हणाली. "आता मी कुणावर रागावू?"

"माझ्यावर रागाव."

"येत नाहीये."

"येईल. आला की रागाव. मी इथंच आहे."

अंधारायच्या आधी दोघी खाली आल्या. छोट्या दाबातली चवड आईनं मांडीवर घेतली. सुई ओवायला डोळे साथ देईनात, तेव्हा रिळूनं ओवून दिली.

"त्यांनी मला शिवून दे म्हटलं होतं," आई म्हणाली. "वाचून दाखव. एकेक वाच, मग मी टाका घालते."

"तू तर वाचत नाहीस."

"वाच."

रिळू वाचू लागली. पहिली चिठोरी: आज सुरू. दुसरी: रिळूला सर्दी. नववी: हिनं दोरा दातानं तोडला, सांगून ऐकत नाही. प्रत्येक चिठोरीला आईचा हात थांबत होता, आणि तिनं तो थांबू दिला. तिसावी शिवून झाली. एकतिसावी हातात आली आणि रिळूनं ती नुसती धरून ठेवली. त्या दिवसापासून तो केव्हाही जाऊ शकला असता.

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय," रिळू म्हणाली, "आज काही नाही. छान ऊन होतं."

सुई कागदाशी टेकलेली होती. आईनं ती हळू, फार हळू, पानातून नेली.

"पुढचं वाच," ती म्हणाली.